कडक नियमांचं ख्रिस्ती कॉलेज आणि खेळाडू: सही करण्याआधी काय काय बघायचं

बारावीचा निकाल लागला की ट्रॅकवर एक ठरलेला प्रश्न येतो. "मॅडम, चेन्नईच्या कॉलेजातनं स्पोर्ट्स कोट्यासाठी बोलावलंय. पण मिशनरी कॉलेज आहे, नियम लई कडक आहेत म्हणतात. जाऊ का?" अलीकडं अमेरिकेतल्या कॉलेजांची नावंही घेऊन पोरं येतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढते.

मी मराठी ख्रिस्ती घरातली, कोल्हापूरचीच. रविवारी वायल्डर मेमोरियल चर्चमधली उपासना आणि बाकीचे दिवस पळणं, असंच माझं लहानपण गेलं. पुढं 800 मीटरच्या जोरावर दक्षिणेतल्या एका ख्रिस्ती कॉलेजात शिकले, तिथल्याच होस्टेलवर राहिले. आता पोरांना पळवते. त्यामुळं हा विषय मला दोन्ही अंगांनी जवळचा आहे.

कडक नियमांची भीती कोल्हापूरच्या माणसानं तरी बाळगू नये. गंगावेस नाहीतर मोतीबाग तालमीत राहिलेल्या पैलवानाला विचारा. पहाटे उठायचं, व्यसन नाही, रात्रीची भटकंती नाही, वस्तादांचा शब्द शेवटचा. पण तालमीतला प्रत्येक नियम कुस्तीसाठी केलेला असतो. ख्रिस्ती कॉलेजातला नियम श्रद्धेतून आलेला असतो आणि खेळाची जागा त्याच्या खाली असते. वर्षातले बहुतेक दिवस दोन्ही एकाच वाटेनं चालतात: दारू नाही, सिगारेट नाही, वेळेवर झोप. खेळाडूला आणखी काय पाहिजे! पण काही दिवस असे येतात की उपासना आणि स्पर्धा समोरासमोर उभ्या राहतात. त्या दिवशी उपासना जिंकणार, हे धरूनच चाला. ते दिवस कोणते, किती आणि तुमच्या खेळात कुठं येतात, हे प्रवेशाआधी शोधून काढायचं असतं.

म्हणून पहिला प्रश्न पंथाचा. आपल्याकडं "ख्रिश्चन कॉलेज" म्हटलं की सगळी एकसारखीच वाटतात, पण तसं नाही. मुंबईचं सेंट झेवियर्स, चेन्नईचं लोयोला, बंगळूरचं क्राइस्ट या कॅथलिक संस्था. तिथं रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना मोठी, पण मिस्सा झाल्यावर मॅच खेळायला सहसा कुणी अडवत नाही. मुंबईचं विल्सन, तांबरमचं मद्रास ख्रिश्चन कॉलेज, नगरचं अहमदनगर कॉलेज ही प्रोटेस्टंट परंपरेतली. त्यांच्यात वातावरण कॉलेजागणिक बदलतं, आणि नावात ख्रिश्चन आहे म्हणून नियम कडक असतीलच असंही नाही. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या पंथाच्या संस्थांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत असतो. त्या वेळात ना सराव, ना सामना. शिवाय त्यांची मेस बहुतेक शाकाहारी. रोज अंडी आणि आठवड्यात दोनदा मटण खाऊन वाढलेल्या गोळाफेकपटूनं हे आधी समजून घ्यावं, नाहीतर प्रथिनांचा हिशोब पहिल्या महिन्यातच कोलमडतो.

उपासनेचा वार कळला की खेळाचं वेळापत्रक शेजारी ठेवा. स्कॉटलंडचा ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेल, त्याची गोष्ट पोरं ऐकतात ती अर्धीच. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. प्रभूच्या दिवशी पळणार नाही, असं त्यानं सांगितलं आणि 400 मीटरला 47.6 सेकंदांत सुवर्ण घेतलं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण ते वेळापत्रक त्याला काही महिने आधी कळलं होतं आणि तेव्हाच त्यानं 400 ची तयारी सुरू केली होती, हे कुणी सांगत नाही. मला ह्याच भागाचं मोल जास्त वाटतं. श्रद्धा पाळायची तर तारखा आधी बघायच्या. तुमच्या खेळाच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या तारखा काढा, उपांत्य आणि अंतिम सामने कोणत्या वारी पडले ते बघा. फुटबॉलवाल्यांनो, तुमच्यासाठी हे फारच महत्त्वाचं. शाहू स्टेडियमवर रविवारच्या मॅचला गर्दी बघत वाढलेल्या पोराला रविवारी बूट कपाटात ठेवणं जमेल का, हे त्यानं स्वतःला खरं खरं विचारावं.

अमेरिकेतलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे यूटा राज्यातल्या प्रोव्होचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ, म्हणजे बीवाययू. ते लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन, चर्चचं आहे. इतर अनेक ख्रिस्ती पंथ या चर्चला ख्रिस्ती धरत नाहीत, तो वाद इथं नको. तिथले संघ रविवारी खेळत नाहीत. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना, तिच्या वरच्या पातळीवर असूनही खेळत नाहीत, त्यांचे सामने दुसऱ्या दिवशी लावले जातात. ऑनर कोडमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वागण्याच्या नियमांत, दारू-तंबाखू नाही, लग्नाआधी शरीरसंबंध नाहीत, पुरुषांनी दाढी ठेवायची नाही (धर्माच्या किंवा वैद्यकीय कारणानं सूट मागता येते), आणि चहा-कॉफीही नाही. आपला सकाळचा दुधाचा चहासुद्धा नाही! दुसऱ्या धर्माच्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो, पण कोड त्यांनाही लागू असतो. धर्मगुरूची शिफारस दरवर्षी लागते आणि पदवीसाठी धर्मविषयक अभ्यासाचे 14 क्रेडिट पुरे करावे लागतात.

हा कोड नुसता कागदावर नाही. मार्च 2011 मध्ये त्यांचा बास्केटबॉल संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर होता, मोठी स्पर्धा तोंडावर होती. अशा वेळी संघातल्या एका मुख्य खेळाडूला कोड मोडल्याबद्दल उरलेल्या हंगामातून बाहेर केलं गेलं. पुढच्या वर्षी तो परत खेळला. मला ह्यात संस्थेचा प्रामाणिकपणा दिसतो, कारण स्टार खेळाडूला एक नियम आणि बाकीच्यांना दुसरा, असं तिथं झालं नाही. पण सही करणाऱ्यानं ओळखावं की आपल्या बाबतीतही असंच होईल. "खेळाडू आहे, सांभाळून घेतील" हे आपल्या गावात चालतं. तिथं चालत नाही.

श्रद्धेबद्दल खोटं बोलू नका. हे मी फार कळकळीनं सांगते. शिकागोजवळचं व्हीटन कॉलेज प्रवेश घेणाऱ्याकडं स्वतःच्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल विचारणा करतं. तिथं आठवड्यातून तीनदा चॅपल, म्हणजे सगळ्यांची एकत्र उपासना असते आणि विद्यार्थ्यांना एक सामूहिक करार मान्य करावा लागतो. तुमची ती श्रद्धा नसेल तर ते कॉलेज तुमच्यासाठी नाही, कोच कितीही चांगला असो. एका शिष्यवृत्तीसाठी लिहिलेलं खोटं साक्षपत्र वागवत चार वर्षं पळायचं, हे ओझं माझ्या कुठल्याच पोरावर यावं असं मला वाटत नाही. उलट टेक्ससमधलं बेलर हे बाप्टिस्ट विद्यापीठ दोन सत्रांची चॅपल-हजेरी मागतं आणि वेगवेगळ्या श्रद्धांची मुलं तिथं शिकतात. अशा जागाही आहेत.

आता घराघरात हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न: "पोराला बाटवतील का?" मी ख्रिस्ती आहे हे माहीत असूनही लोक मला विचारतात. विश्वासानं विचारतात, म्हणून सरळ उत्तर देते. भारतात संविधानाच्या कलम 30 नं अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवायचा हक्क दिला आहे. त्याच संविधानाच्या कलम 28 च्या तिसऱ्या उपकलमानुसार, शासनमान्य किंवा शासनाचा निधी घेणाऱ्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणून प्रवेश अर्जावर जिथं जिथं पालकांची सही आहे तो मजकूर शब्द न् शब्द वाचा, तुमची संमती तिथंच घेतलेली असू शकते. अनेक कॅथलिक कॉलेजांत ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षण आणि बाकीच्यांसाठी मूल्यशिक्षण असे वेगळे तास असतात. मनगटातला दोरा, टिकली, कानातलं चालतं का, गणपतीला सुट्टी मिळते का, हेही विचारा. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. चांगली संस्था उत्तर देते, आणि लेखी मागितलं तरी देते.

आपल्या बहुतेक पोरांचा प्रश्न मात्र भारतातल्याच होस्टेलचा असतो आणि खेळाडूचं नुकसान धर्माच्या नियमानं क्वचितच होतं. ते फाटकाच्या वेळेनं होतं. तुमचा सराव पहाटे साडेपाचला आणि होस्टेलचं फाटक सहाला उघडतं, तर तुमचा सगळ्यात चांगला अर्धा तास रोज गेला. मुलींच्या होस्टेलवर संध्याकाळचं फाटक लवकर बंद होतं, हिवाळ्यात तर ग्राउंडवरून धावतच यावं लागतं. रात्रीच्या स्टडी अवरला हजेरी असते. त्यात स्ट्रेचिंग करायला, बर्फ लावायला परवानगी आहे का? मेस किती वाजता बंद होते, उशिरा येणाऱ्या खेळाडूंचं ताट कुणी काढून ठेवतं का? ग्राउंडवरून शॉर्ट्समध्ये थेट मेसमध्ये जाता येतं, की आधी खोलीवर जाऊन पूर्ण कपडे घालायचे? ऐकायला किरकोळ वाटतं, पण दमलेल्या अंगानं तीन वर्षं रोज करायचं आहे हे. आणि नाताळ! हिवाळ्यात आंतरविद्यापीठ स्पर्धांचा मोसम असतो आणि त्याच वेळी ख्रिस्ती कॉलेजची मोठी सुट्टी लागते. होस्टेल रिकामं होतं, मेस बंद. शिबिरासाठी थांबलेल्या पोरांच्या जेवणाचं काय, हा प्रश्न वॉर्डनला जूनमध्येच विचारायचा.

हजेरीचं गणित कागदावर मांडा. दक्षिणेत खेळासाठी गेलेल्या दिवसांना ओडी म्हणतात, म्हणजे ऑन ड्यूटी. ओडी मिळाली तर तो दिवस हजर धरतात. पण सगळीकडं पूर्ण धरतात असं नाही, मर्यादा असते. क्राइस्टची 85 टक्के हजेरीची अट प्रसिद्ध आहे. सत्राचे 90 दिवस धरले तर 85 टक्क्यांत तुमच्या हातात 13 दिवस उरतात. शिबिर, स्पर्धा आणि कोल्हापूरपासूनचा रेल्वेप्रवास यात ते कधी संपले कळत नाही, मग ताप आला की संपलं. ओडी किती दिवसांची, कुणाच्या सहीनं, प्रॅक्टिकल बुडालं तर परत घेतात का, हे क्रीडा संचालकांकडून ऐका आणि मग ऑफिसातूनही ऐका. दोन उत्तरं जुळली नाहीत तर ऑफिसचं खरं माना.

अमेरिकेचं थोडक्यात सांगते. एनसीएएच्या पहिल्या आणि दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येते, तिसऱ्यात देत नाहीत. व्हीटन तिसऱ्यात आहे, तिथं मदत मिळाली तर ती गुणवत्तेवर किंवा घरच्या गरजेवर. एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे, तिच्यात लहान ख्रिस्ती कॉलेजं पुष्कळ आहेत आणि ती खेळासाठी पैसे देऊ शकतात. आपल्या पोरांनी तिकडंही बघावं. पैलवानांनी ध्यानात ठेवावं की तिथल्या कॉलेजची कुस्ती फोकस्टाइल, म्हणजे वेगळ्या नियमांची अमेरिकी कुस्ती असते. आपली फ्रीस्टाइल तिथं तशीच्या तशी चालत नाही. जलतरणपटूंना मीटरऐवजी यार्डांत मोजलेल्या तलावात पोहावं लागतं. आणि कोचनं फोनवर दिलेला शब्द म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. रक्कम, वर्षं आणि दुखापत झाली तर काय, हे पत्रात पाहिजे.

शिस्तभंगाचं प्रकरण पूर्ण वाचा. पहिल्या चुकीला काय, दुसऱ्याला काय, निर्णय कोण घेतं, तुमचं म्हणणं ऐकतात का, घरी कळवतात का, खेळाची जागा गेली तरी शिक्षणाची जागा राहते का. सुट्टीत कोल्हापुरात असतानाही नियम लागू आहेत का, हे तर विचाराच. काही कॉलेजांत ते वर्षभर आणि सगळीकडं लागू असतात. लग्नाच्या वरातीतला एक फोटोही मग अडचणीचा होतो.

नियमांइतकंच, तिथं खेळाडूच्या मागं कोण उभं राहतं हेही बघा. खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. इतकी अपेक्षा कुणाकडून करू नये, पण प्राचार्य किंवा फादर ग्राउंडवर येतात का, खेळाडूंची नावं त्यांना माहीत आहेत का, हे एका फेरीत कळतं. माझ्या कॉलेजातले वृद्ध फादर पहाटे फाटक स्वतः उघडून द्यायचे आणि "जा, पळ" म्हणायचे. तिथले सगळे नियम मी आनंदानं पाळले, ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळं.

म्हणून प्रवेशाआधी एकदा जाऊनच या, आणि कॉलेज चालू असताना जा. ओपन डेला सगळं सजवलेलं असतं. पहाटे ग्राउंडवर उभं राहा, किती पोरं येतात आणि किती वाजता येतात ते बघा. दुपारी मेसमध्ये जेवा. कॅप्टनशी बोलण्यापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या साध्या खेळाडूशी बोला, शक्यतो तुमच्याच खेळातल्या आणि तुमच्यासारख्याच दुसऱ्या धर्माच्या. तिला किंवा त्याला एवढंच विचारा: गेल्या वर्षी नियमामुळं कोणती स्पर्धा चुकली, आणि चुकली तेव्हा कॉलेजनं काय केलं. शक्य असेल तर रविवारपर्यंत थांबा आणि उपासनेला मागच्या बाकावर बसा. आईवडिलांनीही बसावं. घरी आल्यावर अर्ज भरायला घ्या, आणि नियमपुस्तिकेची एक प्रत तुमच्या इथल्या कोचकडं ठेवून जा.