एकच निबंध सगळ्या विषयांना चालत नाही: कॉलेजात लिहायचं कसं

‘प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप’ हा साचा सगळीकडे चालतो, असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि विसरून जा.

१. प्रश्नातलं क्रियापद आधी पकडा. ‘वर्णन करा’ आणि ‘चिकित्सा करा’ यांची उत्तरं वेगळी असतात.

२. त्या विषयातले दोन छापील शोधनिबंध चाळा. माहितीसाठी नव्हे, बांधणी पाहायला.

३. पुरावा. माझं घोडं इथेच अडलं होतं. विज्ञानाचे प्रयोग अहवाल लिहून हात बसला होता, त्याच हाताने इतिहासाचा निबंध लिहिला. पानोपानी ‘यावरून सिद्ध होते’. सरांनी समासात एवढंच लिहिलं: ‘कोण म्हणतं? कधी? कुणाला?’ गुणांपेक्षा ते तीन प्रश्न जास्त झोंबले.

१९१८ची इन्फ्लुएंझाची साथ घ्या. जीवशास्त्रात विषाणू एच१एन१ होता आणि वीस ते चाळीस वयाची माणसं एरवीच्या फ्लूच्या मानाने फार दगावली, इथून सुरुवात होते; मग कारणं. इतिहासात हेच आकडे कुणी नोंदले, कोणत्या मृत्यूंची नोंदच झाली नाही, हा प्रश्न आधी येतो. परिचारिकेचं घरी पाठवलेलं पत्र आणि तिने वरिष्ठांना दिलेला अहवाल एकाच तारखेचे असले, तरी एका मापाने मोजायचे नाहीत. साहित्यात साथीवरच्या कवितेत ‘ताप’ तीनदा आला आणि तिसऱ्यांदा तो आजाराचा उरला नाही, तर तुमचा पुरावा तो एक शब्द. तिथे मृत्यूंचे आकडे ओतू नका. कवितेचा सारांशही नको; शिक्षकांनी ती वाचलेली असते.

आणि प्रयोग अहवालात निरीक्षणं व चर्चा यांची खिचडी करू नका. ‘तापमान ५ अंशांनी वाढले’ हे निरीक्षण. ‘कारण अभिक्रिया उष्मादायी आहे’ हे चर्चेत. ‘कारण’ शब्द निरीक्षणांत दिसला की मी सरळ खोडतो.

४. काळ: प्रयोग आणि इतिहास भूतकाळात, कवितेविषयी वर्तमानकाळात.

५. संदर्भ. मानसशास्त्रात चालणाऱ्या एपीए पद्धतीत मजकुरात लेखकासोबत वर्ष येतं, कारण संशोधन किती ताजं हे तिथे महत्त्वाचं. साहित्यातल्या एमएलए पद्धतीत लेखकासोबत पान क्रमांक, कारण वाचकाला ती ओळ शोधायची असते. इतिहासवाले बहुधा तळटीपा मागतात. यादी आपोआप बनवणारं साधन खुशाल वापरा, पण नावं ताडून पाहा. माझ्या एका यादीत लेखकाच्या जागी ‘मुखपृष्ठ’ छापून आलं होतं.