बाळाचा वरचा आहार: केव्हा आणि कसा सुरू करावा

बडोद्यातल्या मराठी घरांत बाळाच्या पहिल्या घासाचा विचार बहुधा उष्टावणाच्या मुहूर्तापासून सुरू होतो. मुलाचे उष्टावण सम आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची रीत असल्यामुळे मुलीला कधी पाचव्या महिन्यातच खीर भरवली जाते, तर मुलाला सहावा लागताच, म्हणजे पाचच महिने पूर्ण झालेले असताना. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मात्र अशी आहे, की सहा महिने पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १८० दिवस, फक्त आईचे दूध द्यावे आणि मगच वरचे अन्न सुरू करावे. मुलीसाठी सातवा महिना धरला की रीतही पाळली जाते आणि बाळाचेही हित होते. मुलाचे उष्टावण आठव्या महिन्यात ठेवावे, पण रोजचे भरवणे त्यासाठी अडवू नये, कारण जन्मतः साठवलेले लोह सहा महिन्यांच्या सुमारास संपत येते आणि ते भरून काढणे एकट्या दुधाला जमत नाही.

बाळाची तयारीही पाहावी. मान स्थिर धरते का, आधाराने बसते का, चमचा ओठाला लागल्यावर जिभेने घास बाहेर लोटत तर नाही ना, हे तपासावे. नुसते मुठी चोखणे किंवा रात्री वारंवार उठणे हे अन्न मागण्याचे लक्षण नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सर्वांत जास्त चूक होते ती दाटपणात. डाळीचे वरचे पाणी किंवा भाताचे पातळ निवळ यांनी इवलेसे पोट भरते, पण पोषण फारच थोडे मिळते. मुगाची डाळ आणि तांदूळ भरपूर शिजवून, घोटून, त्यात चमचाभर तूप घालावे. चमचा तिरपा केला तर घास लगेच ओघळता कामा नये, सावकाश घसरावा. नाचणीची खीर, उकडलेला लाल भोपळा, रताळे, कुस्करलेले केळे, पपई हेही उत्तम. आपल्याकडे डाळीत गूळ पडतो, म्हणून मीठ आणि गूळ घालण्याआधीच बाळाची वाटी वेगळी काढावी. पहिल्या वर्षात मीठ-साखरेची काहीच गरज नसते. घुटी चाटवताना मध मात्र मुळीच नको: वर्षाच्या आत मधामुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. वरचे गाईचे दूधही मुख्य पेय म्हणून वर्षानंतरच द्यावे.

सुरुवात दिवसातून दोन वेळा दोन-तीन चमच्यांनी करावी आणि आठव्या महिन्यापर्यंत दोन-तीन वेळा, दर वेळी अर्धी वाटी (वाटी २५० मिलिलीटरची) इथवर न्यावे. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा भरवावे. आईचे दूध दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा, दोन-तीन दिवस पाहावा, मग पुढचा घ्यावा. चालत असेल तर नीट शिजवलेले अंडे लवकर सुरू करावे, प्रथिनांसाठी ते फार मोलाचे आहे. शाकाहारी घरांत डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळावेत, त्याने लोह चांगले शोषले जाते. गुजरातच्या अंगणवाड्यांतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी बालशक्ती या तयार पोषण-पिठाची पाकिटे मिळतात; ते पीठही दाटच शिजवावे. उन्हाळ्यात शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये.

बाळ तोंड फिरवत असेल तर जबरदस्ती करू नये. तोच घास चार दिवसांनी पुन्हा द्यावा.

घास गिळताना उबळ येऊन बाळ खोकले, लाल झाले तर घाबरून तोंडात बोटे घालू नयेत. ते स्वतःच घास सोडवत असते. अख्खे शेंगदाणे, चणे, द्राक्षे मात्र कधीच देऊ नयेत. आवाजच बंद झाला, श्वास अडकला, ओठ निळसर दिसू लागले, तर बाळाला हातावर पालथे, डोके खाली असे धरून दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर ५ थापा द्याव्यात, तेवढ्याने न सुटल्यास उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी ५ वेळा दाबावे, हे आळीपाळीने करत राहावे आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन करावा.