जायरो बदलण्याआधी फिल्टर बघा

विमानांचा मेकॅनिक म्हणून शिकाऊ असताना मी पहिला ॲटिट्यूड इंडिकेटर (विमानाचा कल कृत्रिम क्षितिजावर दाखवणारं जायरोचं, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याचं उपकरण) बदलला, तो विनाकारण. वळण संपलं तरी त्यातलं क्षितिज तिरकंच राहतं, अशी वैमानिकाची तक्रार होती. मी दुरुस्त होऊन आलेलं उपकरण बसवलं. पुढच्या उड्डाणानंतर तीच तक्रार. दोष निघाला मुख्य एअर फिल्टरमध्ये, तो तुंबला होता. पंप फिल्टरमधून हवा ओढतो आणि त्या हवेवर भोवरा फिरतो. ही ओढ मोजणारा सक्शन गेज मात्र व्यवस्थित ५ इंच (पाऱ्याचे) दाखवत होता, कारण त्या विमानात तो उपकरणाच्या आतला दाब केबिनच्या हवेशी ताडून बघत होता. ओढ पुरेशी होती, पण ती फिल्टरमध्येच खर्च होत होती आणि भोवऱ्याला हवा पुरत नव्हती.

म्हणून नवख्यांना सांगतो, पॅनल उघडण्याआधी फिल्टर, ओढ ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर आणि नळ्या बघा. सक्शन साधारण ४.५ ते ५.५ इंच असते, तरी नेमका आकडा त्या विमानाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. तक्रारही नीट ऐका. विमानाची दिशा दाखवणारा डायरेक्शनल जायरो हळूहळू सरकणारच. निव्वळ पृथ्वीच्या फिरण्यामुळे ध्रुवांजवळ हा फरक ताशी १५ अंशांपर्यंत जातो. पाऊण तासात ४० अंश सरकला, तर मात्र बेअरिंगवर संशय घ्यावा.

पंप मोडला असेल तर जास्तच जपा. कोरड्या (तेलाशिवाय चालणाऱ्या) पंपातली पाती कार्बनची असतात. ती तुटली की भुकटी नळ्यांत शिरते. नळ्या साफ न करता नवा पंप बसवला, तर तोही लवकरच जातो.

प्रत्यक्ष बदलणं तासाभराचं काम. इंजिन बंद केल्यावर भोवरा थांबायला बरीच मिनिटं लागतात, तोवर उपकरणाला हात लावू नका. सांध्यांवर टेफ्लॉन टेप नको, तिचा एक धागा आत ओढला गेला तरी बेअरिंगचं काम तमाम. होकायंत्राजवळ स्क्रू पितळेचेच लावा. पॅनल तिरकं असेल तर त्याच कोनासाठीचं उपकरण मागवा, नाहीतर विमान सरळ उडत असताना क्षितिज मात्र नाक वर किंवा खाली दाखवेल.

उपकरणाचं झाकण आपण उघडायचं नाही. अमेरिकेत तर परवानाधारक मेकॅनिकलाही उपकरणं दुरुस्त करायची मुभा नाही, ते काम मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्राचं. तिथून आलेल्या उपकरणासोबत रिलीज सर्टिफिकेट (ते वापरायला योग्य असल्याचा दाखला) हवं : अमेरिकेत ८१३०-३, युरोपात ईएएसए फॉर्म १, भारतात सीए फॉर्म १. त्यावरचे पार्ट नंबर आणि सिरीयल नंबर उपकरणाच्या पाटीशी जुळवून बघा. मी एकदा शेवटचा अंक न बघताच सही केली होती. सगळं पुन्हा उलगडावं लागलं.

आता गार्मिन जी५ सारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणं जायरोच्या जागी बसतात. काम सोपं वाटतं, पण कागद वाढतात. एसटीसीच्या (विमानात असा बदल करायला मिळालेल्या मंजुरीच्या) यादीत आपलं मॉडेल आहे का, फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी लावली का, वजन आणि संतुलनाची नोंद बदलली का, होकायंत्राचं स्विंगिंग (वेगवेगळ्या दिशांना त्याची चूक तपासणं) झालं का, हे सगळं बघावं लागतं. पंप काढून टाकल्यास इंजिनावरची ती जागा झाकणाने बंद करायला विसरू नका.

काढलेला जुना जायरो नव्याच्याच फोमच्या खोक्यात भरा. अदलाबदलीच्या व्यवहारात केंद्राला तो परत हवा असतो, आणि आपटलेला पोचला तर पैसे कापले जातात.