उन्हाळ्यात हरणांना पुरणारे कुरण : या चुका टाळा

ऑगस्ट महिन्यात विदर्भातील कोणत्याही जंगलात चितळांना चाऱ्याची ददात नसते. रस्त्याच्या कडेलासुद्धा पोटरीभर गवत वाढलेले असते आणि त्या दिवसांत नव्याने तयार केलेले कुरण पाहून समाधान मानणे फार सोपे असते. कुरणाचा कस लागतो तो फेब्रुवारीपासून मृगाच्या पहिल्या सरी कोसळेपर्यंत. या चार-साडेचार महिन्यांत चितळ, सांबर आणि गवे यांना काय खायला मिळते, यावर त्यांची पिल्ले तगणे अवलंबून असते, वाघ-बिबट्यांचे भक्ष्य अवलंबून असते आणि जंगलालगतच्या शेतकऱ्याचे उन्हाळी पीक वाचणेही अवलंबून असते. म्हणून कुरणाचा प्रत्येक निर्णय, म्हणजे जागा, गवताची जात, तण काढण्याची वेळ आणि कापणी, मे महिना डोळ्यांसमोर ठेवून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. कुरणाच्या कामांवर मजुरांबरोबर बी गोळा करताना आणि तण उपटताना ज्या चुका मी पाहिल्या आणि ज्यांपैकी काहींमध्ये माझाही हात होता, त्या येथे लिहीत आहे. जंगलात असे काम वनविभागाच्या परवानगीने आणि त्याच्या आराखड्यानुसारच करता येते, हे गृहीत धरले आहे.

गाव उठले म्हणजे कुरण झाले, असे समजणे

मेळघाटातील बोरी, कोहा आणि कुंड किंवा ताडोबातील बोटेझरी आणि जामणी या गावांचे पुनर्वसन झाल्यावर त्यांची शेते आणि गावठाणे रिकामी झाली, आणि अशा जागांवरच आज चितळांचे मोठे कळप दिसतात. त्यामुळे जमीन मोकळी सोडली की गवत आपोआप येते, असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे नांगरलेल्या शेतात गवताच्या मूळ जातींचे बी फारसे उरलेले नसते, आणि जेथे गुरे बसत असत तेथे शेणामुताने सुपीक झालेल्या मातीत पहिल्याच पावसाळ्यात तरोटा, रानतुळस आणि गाजरगवत मुसंडी मारतात. लांबून पाहणाऱ्याला सगळे हिरवेगार दिसते, परंतु चितळ त्यातून तोंड न लावता पुढे जातात.

या कामात सर्वाधिक मजुरी तरोट्यावर खर्च होते, आणि सर्वाधिक मजुरी वायाही त्यातच जाते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आपल्याकडे घरोघरी तरोट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, त्यामुळे हे झाड कोणालाही ओळखता येते. चूक होते ती वेळेची आणि पद्धतीची. विळ्याने कापलेला तरोटा बुडापासून पुन्हा फुटतो आणि पूर्वीपेक्षा जास्त फांद्या घेऊन उठतो. शेंगा धरल्यानंतर उपटलेला तरोटा कुरणातच ढीग करून ठेवला, तर शेंगा तेथेच तडकतात आणि आपण आपल्याच हाताने पुढच्या वर्षीची पेरणी करून ठेवतो. त्याचे बी कठीण कवचाचे असल्यामुळे ते मातीत अनेक वर्षे जिवंत राहते, म्हणून एका हंगामात काम संपत नाही. जमीन ओली असताना आणि झाड फुलावर येण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण ऑगस्टमध्ये, ते मुळासकट उपटावे, मागाहून उगवलेल्या रोपांसाठी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा फेरी मारावी आणि हे सलग किमान तीन वर्षे करावे. पहिल्या वर्षी निधी आला आणि दुसऱ्या वर्षी आला नाही, तर पहिल्या वर्षाचाही पैसा बुडाला असे समजावे. त्यामुळे तीन वर्षांच्या निगराणीची खात्री असेल तेवढेच क्षेत्र हाती घेणे शहाणपणाचे आहे.

घाणेरीची गोष्ट निराळी आहे. ती वरून तोडली तर बुंध्यातून दाट फुटते. तिचा मुळाचा गड्डा मातीच्या पातळीखाली तीन-चार बोटे खोल तोडून झुडूप उलटे, मुळे आकाशाकडे करून ठेवावे. तिची फळे खाऊन पक्षी ज्या झाडांवर बसतात त्या झाडांखाली रोपे पुन्हा दिसतात, म्हणून पुढची दोन वर्षे प्रथम तेथे पाहावे.

बी न पाहता पोती मोजणे

एका वर्षी आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घाईने पवना या गवताचे तुरे कापून घेतले. मजूर उपलब्ध होते, पोती भराभर भरत होती आणि वजनही समाधानकारक दिसत होते. पुढच्या पावसाळ्यात पेरणी झाली, परंतु ऑगस्टअखेरीस त्या पट्ट्यात गवताची रोपे शोधावी लागली. शिल्लक राहिलेले पोते उघडून मूठभर बी तळहातावर चोळले, तेव्हा तूस उडून गेले आणि हातात जवळजवळ काहीच उरले नाही. आम्ही दाणा भरण्यापूर्वीच तुरे कापले होते आणि फोलपटे पेरली होती. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी आधी दहा-बारा तुरे चोळून पाहतो. नखाखाली कडक दाणा लागला तरच विळा लावायचा. गवताच्या बहुतेक जातींचे बी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पक्व होते, आणि तेही एकाच दिवशी नव्हे, त्यामुळे एकाच जागी दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात.

ताजे बी बहुधा लगेच उगवत नाही, कारण त्याला काही महिन्यांची सुप्तावस्था असते. ते सावलीत वाळवून हवेशीर जागी ठेवावे आणि मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पंधरा दिवसांत किती उगवतात ते मोजावे. पेरताना खोल नांगरट हीच मोठी चूक ठरते. गवताचे बारीक बी अर्ध्या बोटापेक्षा खोल गेले की रोप वर येण्याआधीच संपते, आणि नांगरटीमुळे खाली दबलेले तरोट्याचे बी मात्र वर येते. जमीन वरवर खरवडावी, बी ओलसर मातीत किंवा पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळावे, म्हणजे ते वाऱ्याने उडत नाही, आणि पाऊस स्थिरावल्यावर फेकावे. अर्धवट कुजलेले शेणखत वापरू नये, त्यातून नवे तण येते. मारवेलसारख्या जातीचे मुळासकट ठोंब दीड-दोन फुटांवर लावणे कष्टाचे असले तरी त्याची खात्री अधिक असते.

एकाच जातीचा हट्ट धरू नये. कुसळी कोवळी असताना चांगली खाल्ली जाते, परंतु पक्व झाल्यावर तिची टोकदार कुसळे तोंडात रुततात आणि जनावरे तिला टाळतात. मारवेल, पवना, शेडा, डोंगरी आणि ओलीच्या जागी हरळी, यांच्या जोडीला रानमुगासारखे वेल असतील, तर कोणत्या ना कोणत्या जातीत उन्हाळ्यापर्यंत खाण्याजोगे काही उरते. दुधाळ गुरांसाठी तयार केलेले संकरित नेपियर जंगलात लावण्याला माझा विरोध आहे. त्याला खत-पाणी लागते आणि ते या जंगलाचे नाही.

ओल कोठे टिकते, हे न पाहणे

पेंचमध्ये तोतलाडोह धरणाचे पाणी उन्हाळ्यात मागे सरकते तसतशी उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर कोवळी हरळी फुटते आणि चितळांचे कळप त्या पट्ट्यात उतरतात. उन्हाळी कुरण कोठे करावे, हे यातून समजते. मुरमाड टेकाडावरचे गवत डिसेंबरातच वाळून तारेसारखे होते, तर नाल्याकाठच्या आणि जुन्या तळ्याखालच्या काळ्या जमिनीत ओल दीर्घकाळ राहते. अशा जागी डिसेंबर-जानेवारीत, जमिनीत ओल असतानाच, गवताचे काही पट्टे आलटून पालटून कापले तर त्यांना नवा फुटवा येतो आणि उरलेले पट्टे उभ्या वाळलेल्या चाऱ्याच्या रूपाने शिल्लक राहतात. सगळे कुरण एकदम कापणे किंवा मार्च-एप्रिलमध्ये पेटवून देणे म्हणजे ज्या चाऱ्यासाठी वर्षभर राबलो तोच नष्ट करणे होय. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानला जातो, त्याआधी कुरणाभोवतीच्या जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळे केलेले पट्टे, झालेल्या असाव्यात.

मोकळे मैदान हवे म्हणून मोह, बोर, आवळा आणि बेहडा तोडणे ही न भरून येणारी चूक आहे. उन्हाळ्यात चितळाचे पोट गवतावर कमी आणि गळलेल्या फुला-फळा-पानांवर अधिक भरते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली उभे राहिल्यास वाकून फुले वेचणारी चितळे दिसतात, आणि वानरांनी वरून टाकलेल्या डहाळ्यांसाठी ती दिवसभर झाडाखाली रेंगाळतात. शिवाय आडोसा फार दूर असला तर चितळ कुरणाच्या मध्यभागी जाण्यास कचरतात, म्हणून कडा सरळ न आखता वळणावळणाच्या ठेवाव्यात आणि मध्ये झाडांचे पुंजके राखावेत. पाणवठा पाच-दहा मिनिटांच्या चालीवर असावा, पण कुरणाच्या मधोमध नसावा, कारण तेथे सततच्या वर्दळीने जमीन तुडवली जाऊन उघडी पडते.

चाऱ्याऐवजी मका किंवा ज्वारी आणून टाकण्याचा मोह कोणाला झाला, तर तो टाळावा. रवंथ करणाऱ्या प्राण्याने अचानक पोटभर धान्य खाल्ले तर पोटात आम्ल वाढून तो दगावू शकतो.

मोजमाप न ठेवणे

नवे गवत पहिले वर्षभर गुरांपासून आणि शक्य तेवढे चितळांपासूनही राखावे लागते. त्यासाठी बोरी-बाभळीच्या फांद्यांचे कुंपण पुरते. नंतर कुंपण काढले तरी मीटरभर लांबी-रुंदीचे तीन-चार चौकोन जाळीने बंदिस्त ठेवावेत आणि मे महिन्यात आत व बाहेर पाहावे. आत गुडघाभर गवत आणि बाहेर बोटभर असेल, तर कुरण खाल्ले जात आहे. आत-बाहेर सारखेच उंच गवत असेल, तर चारा आहे पण जनावर येत नाही, अशा वेळी गवताची जात, पाण्याचे अंतर आणि जवळून जाणाऱ्या गाड्यांचा रस्ता यांकडे पाहावे. आत गवत असून बाहेर नुसती माती उघडी पडली असेल, तर कळपाच्या मानाने क्षेत्र अपुरे आहे किंवा रात्री गुरे शिरत आहेत. लेंड्या आणि शेण पाहिले की यांपैकी काय घडले ते त्याच दिवशी कळते. आत-बाहेर दोन्हीकडे माती दिसली, तर दोष चरणाऱ्यांचा नाही, बियाण्याचा किंवा जागेचा आहे, आणि त्या पट्ट्यात पुन्हा पेरण्याआधी पोत्यातले बी तळहातावर चोळून पाहावे.