आजोबांची 'क्वीन मेरी' दुरुस्त करताना

आजोबांनी जुन्या बाजारातून आणलेली 'क्वीन मेरी' या ब्रिटिश प्रवासी जहाजाची लाकडी प्रतिकृती माळ्यावरून उतरवली आणि मधलं धुराडं हातातच आलं. डोलकाठ्यांचे दोरे कुजलेले, सगळीकडे चिकट धूळ.

आधी सफाई. पॉलिशपेपर अजिबात लावू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि मूळ रंग गेला की गेलाच. काडीला कापूस गुंडाळून, जेमतेम ओला करून बोटबोटभर पुसत गेलो. चार संध्याकाळी लागल्या. लाल धुराड्यावरचे बारीक काळे पट्टे उजळले, तेव्हा आईला हाक मारून दाखवले.

चिकटवताना मात्र थांबलो. १९३६ साली पहिल्या सफरीला निघालेल्या या जहाजाची तिन्ही धुराडी सारखी नाहीत. पुढचं सर्वांत उंच, मागचं सर्वांत ठेंगणं. आमच्याकडे मधलं आणि मागचं आधीच्या दुरुस्तीत उलटसुलट बसलं होतं! मागचं सुटेना. जुना सरस होता. बुडाशी कोमट पाण्याचा कापूस ठेवल्यावर सैल झाला. फुटपट्टीने मोजून जागा बदलल्या, फेव्हिकॉल लावून रात्रभर वर हलकं वजन ठेवलं.

दोऱ्यांसाठी रविवार पेठेतून काळा सुती दोरा आणला आणि मेणावरून ओढून घेतला, म्हणजे तुसं बसतात. एक जीवरक्षक होडी हरवली आहे, ती सागाच्या तुकड्यातून कोरतोय.