छातीवरचा वायरलेस पॅच: वॉर्डात या चुका टाळा

छातीला चिकटवलेला हा पॅच रुग्णाचा ईसीजी, श्वासाचा दर आणि त्वचेचं तापमान वायरशिवाय स्क्रीनवर पाठवतो. सिस्टीममध्ये तो रुग्णाऐवजी खाटेला जोडणं ही सगळ्यांत घातक चूक. नव्या वॉर्डात ती हमखास होते, कारण सोपी वाटते: खाट १२, पॅच १२. पण मुंबईतल्या भरलेल्या मेडिसिन वॉर्डात रुग्ण एका खाटेवर टिकतो कुठे? ऑक्सिजनचा पॉइंट हवा म्हणून १२ वरचे आजोबा १७ वर जातात, १७ वरचा तरुण १२ वर येतो. मावशी पिशवी, डबा, केसपेपर सगळं हलवतात. पॅच छातीवरच असल्यामुळे तोही जातो. स्क्रीनवर खाटांपुढची नावं बदलतात, पण पॅच १२ मात्र खाट १२ लाच जोडलेला राहतो. रात्री दोन वाजता तरुणाच्या नावापुढे श्वासाचा दर मिनिटाला २८ दिसतो. सिस्टर धावत जाऊन पाहतात तर तो शांत झोपलेला. ‘मशीन बिघडलंय’ म्हणून अलार्म बंद होतो आणि तिकडे १७ वर आजोबा धापा टाकत असतात. मशीनने अगदी बरोबर मोजलेलं असतं.

म्हणून पॅच माणसाला जोडा. आधी मनगटपट्टीवरचा आयपी नंबर (भरती रुग्णाचा क्रमांक) स्कॅन करा, मग पॅच. त्यानंतर पॅचवर बोटाने दोन-तीन टिचक्या मारा. काही सेकंदांत त्याच नावाच्या ईसीजीत खळबळ दिसली पाहिजे. दुसऱ्याच नावापुढे दिसली तर जोडणी चुकली. मग मनगटावर बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा. स्क्रीनवरच्या आकड्याशी पाच ठोक्यांपेक्षा जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका. एएफच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) रुग्णात काही ठोके मनगटापर्यंत पोहोचत नाहीत, तिथे छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजा. टिचकीची तपासणी प्रत्येक ओव्हरला (पाळी बदलताना) करा, आणि रुग्ण एक्स-रेहून परत आला की पुन्हा. डिस्चार्जला पॅच काढण्याआधी सिस्टीममधून नाव सोडवा. पंधरा सेकंदांचं काम आहे. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्याच्या हाती पॅच देऊच नये.

दुसरी चूक त्वचेची. स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि लगेच पॅच चिकटवायचा, ही घाई सगळीकडे दिसते. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते, तिचा विद्युतरोध वाढतो आणि ईसीजीत खरखर येते. त्यात जून ते सप्टेंबरचा घाम: कडा सुटतात, श्वासाचा दर भरकटतो, सैल पॅचच्या थरथरीलाच सिस्टीम जलद ठोके समजते. साबण-पाण्याने पुसा, कोरड्या गॉजने हलकेच घासा, पूर्ण वाळू द्या. केस क्लिपरने काढा. वस्तऱ्याने बारीक जखमा होतात आणि गोंदाखाली त्या चिघळतात. चिकटवताना कडा दाबा. मधोमध दाबलं की जेल गोंदाखाली पसरतं. सुटलेल्या पॅचवर मायक्रोपोरची चिकटपट्टी मारणं हा निव्वळ आळस आहे: कड बसते, जेल उचललेलंच राहतं. नवा पॅच लावा, जागा थोडी सरकवून. पाकिटंही आधीपासून फोडून ठेवू नका, जेल सुकतं.

पॅचच्या रेडिओ सिग्नलचं बोलायचं तर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. पालथा झोपलेला रुग्ण आपल्याच पॅचची वाट अडवतो. गेटवे (पॅचचा सिग्नल घेऊन नेटवर्कवर पाठवणारी पेटी) लोखंडी कपाटामागे ठेवला किंवा जुन्या इमारतीची जाड दगडी भिंत मध्ये आली, की संपलंच. बसवणाऱ्याने स्वतः पॅच लावून वॉर्डभर फिरावं, संडासाचं दार लावून उभं राहावं, कोपऱ्यातल्या खाटेवर पालथं झोपावं. जिथे सिग्नल तुटेल ती जागा झाकेल असा आणखी एक गेटवे द्या. गेटवेला नेटवर्क लॅनच्या वायरनेच द्या आणि त्याच्यासोबत नेटवर्क स्विचही यूपीएसवर घ्या. नुसता गेटवे चालू राहून उपयोग नाही.

बाहेरून मागवलेला ९०२–९२८ मेगाहर्ट्झचा संच इथे लावू नका. तो पट्टा आपल्याकडे मोबाइलच्या ९०० बँडवर येतो. भारतात विनापरवाना वापरासाठी ८६५–८६८ मेगाहर्ट्झ आहे.

नोंदी साडेपाच तास मागे दिसल्या तर घड्याळ यूटीसीवर (भारतीय वेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळेवर) राहिलंय.

एमआरआयआधी पॅच काढायचाच.

बीपीचा कफ (दंडावरचा पट्टा) आणि ऑक्सिजनचा प्रोब (बोटावरचा चिमटा) एकाच हाताला नको. कफ फुगला की बोटातला रक्तप्रवाह थांबतो आणि खोटा अलार्म वाजतो. नेलपॉलिश पुसा, मेंदी गडद असेल तर दुसरं बोट किंवा कानाची पाळी पाहा.

अलार्मच्या मर्यादा कंपनीने दिल्या तशाच ठेवणं हेही चुकीचंच. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट आजार) रुग्णाचं ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असतं. त्याला ९४ ची मर्यादा लावली तर रात्रभर ठणाणा होतो, आणि चौथ्या रात्री कोणी मान वर करून पाहत नाही. मर्यादा राउंडलाच डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या.

एका दिवसात तीस खाटा सुरू करण्याचा हट्ट सोडा. सहा खाटांपासून सुरुवात करा, आणि पहिले दोन आठवडे टीपीआर चार्ट (तापमान, नाडी, श्वास यांची नोंद) हातानेच भरा. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, सवयीने ‘२०’ लिहू नका. पॅच त्वचेचं तापमान दाखवतो, ते शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा कमी असतं. ताप आहे की नाही, हे थर्मामीटर लावूनच ठरवा.