गॅरेजच्या दाराखालचं रबर बदलताना

आतला दिवा बंद करून भर दुपारी दार लावा. खालून उजेडाची रेघ दिसली की रबर गेलं समजा. 6 मिमीच्या फटीतूनही लहान उंदीर आत येतो. कुरतडलेलं असतं ते बहुधा दोन्ही कोपऱ्यांत, मधे नाही.

मोटर असेल तर आधी प्लग काढा. दार कमरेइतकं उचलून खाली भक्कम टेकू द्या. दाराच्या खालच्या कडेला असलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्टीतून जुनं रबर एका बाजूने ओढा आणि त्याचा तुकडा नमुन्याला ठेवा. कड टी आकाराची की मण्यासारखी गोल, हे जुळलं नाही तर नवं रबर खाचेत बसतच नाही. दाराच्या रुंदीपेक्षा 5 सेमी जास्त घ्या. खाच ब्रशने घासून साबणाचं पाणी लावा. ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. एकाने ओढायचं, दुसऱ्याने सरकवायचं. ताणून बसवलेलं रबर नंतर आक्रसतं आणि कोपरे पुन्हा उघडे पडतात, म्हणून उरलेलं दुसऱ्या दिवशी कापा. मग पट्टीची टोकं पकडीने किंचित दाबा.

फरशी खचली असेल तर जाड रबरही पुरत नाही; जमिनीवर उंबरापट्टी, म्हणजे उंबऱ्यासारखी रबरी पट्टी, चिकटवावी लागते. दाराच्या स्प्रिंगला मात्र हात लावू नका.